तंजावरच्या पायथ्याशी कोरलेला जमाखर्च

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पाहायला गेलेला माणूस मान वर करूनच आत शिरतो, आणि त्यात नवल नाही. दोन गोपुरे ओलांडली की ६० मीटरांहून उंच विमान समोर उभे ठाकते. एकावर एक तेरा थर चढत जातात, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकलेला, आणि नजर कुठेही न अडखळता शिखरापर्यंत पोचते. वाटाडेही तिकडेच बोट दाखवतात. शिखरावरची शिळा अखंड आहे, ८० टनांची आहे, शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे ते मनापासून सांगतात. प्रत्यक्षात शिखर अनेक दगड जोडून घडवलेले आहे आणि सावली इतर कोणत्याही इमारतीसारखीच पडते. या वास्तूला आख्यायिकांचा टेकू लागत नाही. तिच्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट खाली आहे, उभ्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर. अधिष्ठानाच्या थरांवर, भिंतींवर, प्राकारात, जिथे जागा मिळाली तिथे तमिळ अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत.

या ओळींत देवाची स्तुती फारशी नाही. सोने आहे, मोती आहेत, तूप, भात, वेलदोडे, मेंढ्या, व्याज, वारस आणि घरांचे क्रमांक आहेत. तमिळ देशाचा वारसा, त्याचा पैशाचा व्यवहार आणि राज्य भरभराटीला आणायचे म्हणजे काय करायचे याविषयीची त्याची कल्पना, हे तिन्ही एकाच जागी सांगणारा इतका सलग दस्तऐवज माझ्या माहितीत दुसरा नाही. अभ्यासकांनी तो इतिहासाचे साधन म्हणून पिंजून काढला आहे. मला तो साहित्य म्हणूनही थोर वाटतो, आणि इथे त्या नजरेनेच त्याच्याकडे पाहायचे आहे.

राजराज चोळ पहिला याचा काळ इ.स. ९८५ ते १०१४. आपल्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, वर्षातल्या २७५व्या दिवशी, त्याने विमानाच्या टोकावर बसवण्यासाठी सोन्याने मढवलेला तांब्याचा कळस दिला. हे साल १०१०. मंदिराचे तेव्हाचे नाव राजराजेश्वरम्. पुढच्या शतकांत ही ओळख इतकी पुसली गेली की एकोणिसाव्या शतकात स्थानिक लोक मंदिराचे श्रेय भलत्याच पौराणिक राजांना देत. जर्मन लिपितज्ज्ञ ई. हुल्ट्झ यांनी १८८६ पासून इथले लेख वाचायला घेतले, तेव्हा बांधणाऱ्याचे नाव पुन्हा हाती लागले. नाव आठशे-नऊशे वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोरच होते. वाचणारा नव्हता.

लेखाची सुरुवात एखाद्या नाटकाच्या पहिल्या प्रवेशासारखी आहे. आधी प्रशस्ती येते. वेंगी, गंगपाडी, नुळंबपाडी, कोल्लम, कलिंग, ईळम् म्हणजे श्रीलंका, आणि रट्टपाडी म्हणजे पश्चिम चालुक्यांचा मुलूख, असे जिंकलेले प्रदेश एका दमात येऊन जातात. मग लय एकदम बदलते. सव्विसावे राज्यवर्ष, विसावा दिवस. राजा तंजावरच्या राजवाड्यात पूर्वेकडच्या स्नानमंडपात बसला आहे आणि तोंडी हुकूम देतो आहे. आम्ही दिलेले, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले, सगळे विमानाच्या दगडावर कोरून ठेवा, असा त्या हुकुमाचा आशय. रणांगणावरून थेट स्नानमंडपात! पण या उडीमुळेच राजा माणसासारखा दिसू लागतो. हुकुमातला क्रमही पाहण्यासारखा आहे. स्वतःनंतर लगेच थोरली बहीण कुंदवै, राण्या तिच्यामागून. आणि शेवटी ते 'इतर'. स्वतः बांधलेल्या मंदिराची भिंत त्याने एकट्याच्या नावासाठी राखून ठेवली नाही. अधिकाऱ्यांनी दिलेल्या मूर्ती आणि सैन्याच्या पथकांनी स्वीकारलेल्या ठेवी यांनाही त्याच दगडावर जागा मिळाली.

यानंतर जे सुरू होते त्याला रूक्ष म्हणणारे पुष्कळ भेटतील. दागिन्यांच्या याद्यांवर याद्या. सोने तोलायचे ते 'आडवल्लान' नावाच्या वजनाने, रत्ने तोलायची ती 'दक्षिणमेरुविटंकन' नावाच्या वजनाने. ही दोन्ही शिवाची नावे आहेत, त्यातले पहिले नाचणाऱ्या शिवाचे. मापे कळंजू, मंजाडी आणि कुन्री. कुन्री म्हणजे आपली गुंज; आपल्या सोनारांच्या पेढीवर कालपरवापर्यंत होती तीच. मोत्यांचे प्रकार वाचताना तर थक्क व्हायला होते: वाटोळे, वाटोळसर, झिलई दिलेले, बारीक, जोडमोती, खडबडीत, जुने, साल गेलेले. हिऱ्यांत सपाट माथ्याचे किती, गुळगुळीत कडांचे किती, डाग असलेले किती, हे लिहिले आहे. माणकांतली वाईट माणके वाईट म्हणूनच नोंदली आहेत. वजनात सूत धरले की वगळले, लाख आणि तांब्याचा पत्रा धरला की वगळला, तेही सांगितले आहे.

इथे थांबायला हवे. देवाला दिलेल्या हिऱ्यावरचा डाग दगडावर कोरून ठेवायचा, यामागे कोणते मन आहे? स्तुती करणारा कवी डाग झाकतो, राजाची मर्जी राखणारा कारकून तो विसरतो. इथे राजाच्या स्वतःच्या देणगीतली खोट सर्वांना दिसेल अशी लिहिली आहे, आणि तीही राजाच्या हुकुमाने. देवाच्या जामदारखान्यात उद्या कोणी चांगला हिरा काढून डागी ठेवला तर भिंत साक्ष देईल, हा त्यातला व्यवहार. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अचूकपणा हीच इथे भक्ती आहे. विमानाची कोणतीही रेषा हलत नाही, आणि जमाखर्चातली कुन्रीसुद्धा हलत नाही. दोन्हींमागे एकच शिस्त आहे असे मला ठामपणे वाटते. ही भूमिती ज्यांना साधली त्यांनाच हा हिशेब साधला.

धातूच्या मूर्तींच्या नोंदीही अशाच. साठाहून अधिक मूर्तींचे वर्णन आहे. मंदिरात ठेवलेल्या प्रमाण-हाताने मोजलेली उंची, हात किती, पीठ कसे, प्रभावळ किती मोठी, तिच्या ज्वाळा किती. बहुतेक मूर्ती आता मंदिरात नाहीत. शब्दांतली मूर्ती उरली, धातूची गेली. तरी या नोंदीचा उपयोग किती लांबपर्यंत पोचतो पाहा. आदित्तन सूर्यन ऊर्फ तेन्नवन मूवेंदवेळान या मंदिर-व्यवस्थापकाने राजराजाची आणि लोकमादेवी राणीची प्रतिमा दिल्याची नोंद भिंतीवर आहे. २०१८ साली अहमदाबादच्या एका खासगी संग्रहालयातून दोन कांस्यमूर्ती त्याच प्रतिमा म्हणून तंजावरला परत आणल्या गेल्या. ओळखीविषयी वाद घालायला जागा आहे, पण वाद घालायचा तरी कशाच्या आधारावर? हजार वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले, त्याच्याच.

आता दिव्यांकडे येऊ. मला सबंध लेखात सर्वांत आवडणारा भाग हाच. एक नंदादीप अखंड तेवत ठेवायचा तर रोज एक उळक्कू तूप लागणार, म्हणजे नाळी या मापाचा चौथा हिस्सा. ते येणार कुठून? तर एका दिव्यामागे ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी. जनावरे मंदिराच्या आवारात बांधायची नाहीत. ती मेंढपाळांच्या हवाली करायची. कोणाकडे किती दिली, त्याच्या वतीने जबाबदार कोण, हे लिहून ठेवायचे. मेंढपाळाने रोज ठरलेले तूप आणून मापून द्यायचे, बाकीचे दूध, लोकर, कोकरे त्याची. चोळांच्या लेखांत अशा कळपाला मरण नसलेल्या, म्हातारपण नसलेल्या मेंढ्या म्हणतात. एकेक मेंढी मरणारच. पण मेलेलीच्या जागी नवी यायची आणि कळपाचा आकडा ९६च राहायचा. मुद्दलाची ही व्याख्या अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात शोभेल. शिवाय ती गाभाऱ्यातल्या उजेडाला तंजावरबाहेरच्या माळरानाशी जोडते. त्या ज्योतीकडे पाहताना मला मागे ९६ मेंढ्यांचा कळप दिसतो आणि एक मेंढपाळ दिसतो, ज्याचे नाव राजाच्या नावाबरोबर दगडात आहे.

रोख रकमेचे तत्त्व तेच. राजाने, राजघराण्याने, अधिकाऱ्यांनी काशू या नाण्यांत ठेवी दिल्या. त्या तिजोरीत न ठेवता गावांच्या सभांना कर्जाऊ दिल्या. व्याज वर्षाला काशूमागे एक अष्टमांश काशू, म्हणजे साडेबारा टक्के; कुठे रोख, कुठे भाताच्या रूपात. आणि त्या व्याजातून काय आणायचे तेही ठरलेले. कुठल्या मूर्तीचा नैवेद्य, कुठला सण, देवाच्या स्नानाचे पाणी सुगंधी करायला वेलदोडे, चाफ्याच्या कळ्या, वाळा. मुद्दल परत मागायचेच नाही. चंद्रसूर्य असेपर्यंत गावाने व्याज देत राहायचे. जॉर्ज स्पेन्सर या इतिहासकाराने १९६८ साली तंजावरच्या या सावकारीवर आणि जनावरांच्या वाटपावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि तेव्हापासून मंदिर म्हणजे नुसता खर्च, हे सोपे मत टिकणे अवघड झाले. युद्धातून आणि करांतून राजधानीत आलेला पैसा मंदिरामार्फत पुन्हा गावात जात होता. कावेरीच्या खोऱ्यातल्या गावांना पाट काढायला, पडीक जमीन वहितीखाली आणायला भांडवल लागत असेलच. मात्र साडेबारा टक्के कायमचे, हे ओझेही लहान नव्हते. ज्या सभेने कर्ज घेतले तिचे पणतू ते फेडत राहिले असतील, आणि त्यांना कोणी विचारले नसेल. भिंत याविषयी गप्प आहे.

आणि मग ती चारशे घरे. मंदिराच्या शेजारी राजाने तळिच्चेरी नावाची वस्ती वसवली आणि चोळ देशातल्या ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी तिथे आणून ठेवल्या. लेखात त्या प्रत्येकीचे नाव आहे, ती मूळची कुठल्या गावच्या कुठल्या देवळातली ते आहे, आणि गल्ली, बाजू, घर क्रमांक आहे. दक्षिणेकडची तळिच्चेरी, दक्षिणेची रांग, पहिले घर: तिरुवैयारूच्या लोकमादेवीश्वर मंदिरातली नक्कन चेरमंगै, तिला एक वाटा. मग दुसरे घर, तिसरे घर, अशी यादी चालत राहते, घरामागून घर, नावामागून नाव. वाचता वाचता ती यादी राहत नाही, आपण त्या गल्लीतून चालू लागतो. अकराव्या शतकातल्या कुठल्या शहराच्या बायकांचा असा पत्ता आपल्याला माहीत आहे? आपल्याकडे राण्यांची नावेसुद्धा धड सापडत नाहीत.

एक वाटा म्हणजे वर्षाला १०० कलम भात. चारशे जणींचे झाले ४०,००० कलम. त्याच मंदिरात तेवारम् पदे म्हणण्यासाठी ४८ गायक आणि दोन वादक, असे पन्नास जण नेमले होते; त्यांना रोज प्रत्येकी तीन कुरुणी भात. बारा कुरुणींचा एक कलम, तेव्हा गायकाचे वर्षाचे सुमारे ९१ कलम होतात. म्हणजे नाचणाऱ्या बाईचा वाटा पदे म्हणणाऱ्या पुरुषापेक्षा थोडा का होईना, जास्त होता. हे गणित भिंतीवर कोणी मांडून दाखवलेले नाही. दोन आकडे दोन ठिकाणी आहेत, वाचणाऱ्याने शेजारी ठेवायचे.

याद्या पुढेही आहेत: नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू, मृदंगवादक, शंख फुंकणारे, छत्र धरणारे, दिवे लावणारे, पाणी शिंपणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, कासार, जोशी, हिशेबनीस. मुख्य स्थपतीचे नाव कुंजरमल्लन राजराज पेरुंदच्चन. त्याला राजाने आपलेच नाव उपाधी म्हणून दिले, आणि न्हाव्यालाही तसेच राजराज नावाचे बिरुद मिळाले. प्रत्येक वाट्याला वारसाचे कलम आहे. कोणी मेला किंवा गाव सोडून गेला तर जवळच्या नातलगाने वाटा घ्यावा आणि काम करावे. नातलगाला काम येत नसेल तर त्याने ज्याला येते असा माणूस नेमावा. जन्माचा हक्क मान्य केला, पण कौशल्याला बाजूला सारले नाही. आजच्या सरकारी अनुकंपा-भरतीचे नियम करणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचायला हरकत नाही.

नर्तकींच्या वस्तीचा एक धागा दगडातही विणला आहे. गाभाऱ्यावरच्या मजल्यावर, जिथे सामान्य यात्रेकरूला जाता येत नाही, तिथे भिंतीवर नाट्यशास्त्रातली करणे, म्हणजे नृत्याच्या ठरावीक हालचाली, कोरली आहेत. चतुर्भुज शिव स्वतः एकेक करण करून दाखवतो. १०८ पैकी ८१ पूर्ण झाली; पुढचे दगड घडवून बसवलेले, पण कोरे. खाली चारशे शरीरे रोज जे करत होती ते वर देवाच्या अंगावर उतरले आहे. त्या कोऱ्या दगडांविषयी नाना तर्क केले जातात. मला तर्क करावासा वाटत नाही. काम तिथे थांबले, एवढे खरे. खालच्या प्रदक्षिणामार्गातल्या भिंतीवर चोळकालीन चित्रे आहेत. नायक राजांच्या काळात त्यांच्यावर दुसरी चित्रे रंगवली गेली, आणि १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांना वरच्या थराखाली मूळ चित्रे दिसली. एका भिंतीवर दोन राजवटी, एकीखाली एक. चित्रांचे रसग्रहण स्वतंत्रपणे करायला हवे, इथे मी त्यात शिरत नाही.

आतापर्यंत मी कौतुकच केले. पण चांगला वाचक मजकुरात काय नाही तेही वाचतो. राजाने दिलेल्या सोन्याबद्दल लेख लपवाछपवी करत नाही: चेर आणि पांड्य राजांना हरवून आणलेल्या खजिन्यातून ते दिले, असे स्पष्ट म्हटले आहे. मंदिराला महसूल देणाऱ्या गावांत श्रीलंकेतली गावेही आहेत. तिथल्या शेतकऱ्याला तंजावरचा देव कोण हे कळायचे काय कारण? त्याचे भात मात्र इकडे यायचे. आणि गावांच्या करआकारणीत एक वाक्यखंड पुन्हा पुन्हा येतो. गावाच्या एकूण क्षेत्रातून राहती वस्ती, तळी, पाट, गुरचरण, स्मशान वगळायचे, आणि परैच्चेरी, म्हणजे परैयार लोकांची वेगळी वस्तीही वगळायची. जमीन वेली या मापाच्या अतिसूक्ष्म अपूर्णांकापर्यंत मोजणाऱ्या लेखात ही माणसे फक्त न मोजलेल्या जमिनीच्या रूपाने येतात. न्हाव्याचे नाव आहे, परटाचे आहे, मेंढपाळाचे आहे. चिखलात उभे राहून भात लावणाऱ्यांचे नाही. दगड ओढून आणणाऱ्यांचेही नाही, आणि तंजावरच्या गाळाच्या सपाटीवर ग्रॅनाइट मिळत नाही, प्रत्येक दगड लांबून आणावा लागला.

ही गोष्ट अकराव्या शतकात संपली असती तर मी ती दोन ओळींत आटोपली असती. १९६८ सालच्या नाताळच्या दिवशी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात ४४ दलित माणसे एका झोपडीत जाळून मारली गेली. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. शेतमजुरांची मागणी होती कापणीच्या मजुरीत थोडे जास्त भात मिळावे, ही. ज्या खोऱ्यात हजार वर्षांपूर्वी नर्तकीचा वाटा कलमांत ठरवून दगडावर लिहिला गेला, त्याच खोऱ्यात मजुराचे माप लिहिले गेले नव्हते. तंजावरच्या वैभवाविषयी लिहिताना हे लिहिणे मला बंधनकारक वाटते.

सगळ्याच्या मुळाशी कावेरी आहे. तिरुचिरापल्लीच्या खाली ती फुटते, आणि जुन्या कल्लणैच्या बांधाने तिचे पाणी त्रिभुज प्रदेशात वळवले जाते. परंपरा हा बांध करिकाल चोळाचा मानते, म्हणजे राजराजाच्याही कित्येक शतके आधीचा. वाळूत दगड मुरवून पाया कसा घ्यायचा हे ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन या बांधावरूनच शिकला, आणि १८३०च्या दशकात त्याने वरच्या अंगाला नवा बंधारा घातला. १९३४ साली मेट्टूर धरण झाले. तिथून १२ जूनला पाणी सुटले की कुरुवै भाताची लावणी वेळेवर, हे तंजावरच्या शेतकऱ्याचे पंचांग. पाणी उशिरा आले की सगळे वर्ष घसरते, आणि कर्नाटकाशी चाललेला कावेरीचा वाद त्याच्या ताटापर्यंत येतो.

आजच्या तमिळनाडूची समृद्धी मात्र या खोऱ्यात नाही. देशात सर्वाधिक कारखाने असलेले हे राज्य. पण ते कारखाने चेन्नईभोवती, कोइम्बतूरला, तिरुपूरला, होसूरला. तंजावरकडे भात राहिले, आणि जमिनीखाली तेल व वायू असल्यामुळे भातावरही संकट आले. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, तेव्हा २०२० साली राज्याने कायदा करून तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि आसपासचा काही भाग संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला. विकास म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात धुराडे, ही समजूत सोडून एका औद्योगिक राज्याने आपल्या जुन्या भाताच्या कोठाराला हात लावायचा नाही असे ठरवावे, ही मला मोठी गोष्ट वाटते. कावेरीची माती इतर मार्गांनीही पोट भरते. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैमध्ये स्थपतींची घराणी अजून मेणाचा साचा करून कांस्यमूर्ती ओततात, आणि साच्यावर थापायला नदीचा मऊ गाळच वापरतात. भिंतीवर वर्णन केलेल्या मूर्ती ज्या रीतीने घडल्या, त्याच रीतीने. तंजावरची वीणा, तंजावरची सोन्याच्या वर्खाची चित्रे, मान डोलावणारी बाहुली यांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

आता मराठी वाचकाने प्राकाराच्या नैऋत्य भागात जावे. तिथे भिंतीवर देवनागरी लिपीत, मराठीत, भोसले घराण्याचा इतिहास कोरला आहे. सरफोजी दुसरे यांनी १८०३ साली तो कोरवून घेतला. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतले तेव्हापासूनची सव्वाशे वर्षे आणि त्याआधीची वंशकथा, सारे त्यात आहे. शेकडो मैलांवरच्या परक्या मुलखात आपली भाषा दगडावर भेटते तेव्हा ऊर भरून येतो, हे मी लपवत नाही. पण दोन्ही लेख एकाच मंदिरात वाचले की फरक जाणवल्यावाचून राहत नाही. चोळ लेख देणे-घेणे सांगतो, मराठी लेख वंश सांगतो. कारण साल पाहा. १७९९च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता, सरफोजींकडे उरला होता किल्ला, तनखा आणि मान. महसूल, पाटबंधारे, गावांचे हिशेब दुसऱ्यांच्या वहीत चालले होते. राजराजाजवळ सांगायला जमाखर्च होता. सरफोजींजवळ सांगायला पूर्वज होते, आणि ते विसरले जाऊ नयेत ही तळमळ त्या लेखाच्या प्रत्येक ओळीत आहे. त्यांना कमी लेखण्याचा यात हेतू नाही. राज्य गेल्यावर या राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना घातला, आणि त्यांच्याच दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु या चार भावांनी आज आपण भरतनाट्यम म्हणतो त्या नृत्याच्या प्रयोगाला आजची मांडणी दिली. चारशे घरांच्या वस्तीतली विद्या अशी आठशे वर्षांनी मराठी राजाच्या आश्रयाला आली. १८५५ साली सरफोजींच्या पश्चात गादीवर आलेला राजा निपुत्रिक वारला आणि कंपनीने संस्थान खालसा केले. भोसले घराण्याचे वंशज आजही या मंदिराचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत.

मंदिराच्या मानसन्मानाची यादी मोठी आहे. १९५४च्या हजार रुपयांच्या नोटेवर त्याचे चित्र होते, १९८७ साली ते जागतिक वारसा ठरले, २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरमची मंदिरे त्याच नोंदीत जोडली गेली. तमिळ वाचता न येणाऱ्यालाही चोळ लेखांचा मजकूर मिळतो. हुल्ट्झ यांनी इंग्रजी भाषांतरासह छापलेला 'साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स'चा दुसरा खंड उपलब्ध आहे. मराठीत त्यातले निवडक लेख टिपांसह यायला हवेत. शिलालेखांचा अभ्यास असणाऱ्या आपल्या मंडळींनी आणि विद्यापीठांनी हे काम मनावर घ्यावे, विशेषतः चारशे घरांचा लेख, दिव्यांचा लेख आणि त्यांच्या शेजारी सरफोजींचा लेख, असा एकच खंड. आणि तंजावरला जाणाऱ्यांना एवढेच सांगायचे: सकाळी लवकर जा, दुपारी मंदिर बंद असते, आणि विमानाकडे पाहण्याआधी त्याला खालच्या बाजूने एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, अक्षरांच्या कडेकडेने.